व्यक्तिमत्त्व चाचणीतून मालकाला नेमके काय कळते?

नोकरीसाठी अर्ज केला की हल्ली मुलाखतीच्या आधी मोबाईलवर एक लिंक येते. ती उघडली की वाक्ये सुरू होतात. ‘मला अनोळखी लोकांत मिसळायला आवडते.’ ‘वरिष्ठांचे म्हणणे पटले नाही तर मी तसे स्पष्ट सांगतो.’ ‘माझे टेबल नेहमी आवरलेले असते.’ प्रत्येक वाक्यापुढे पाच गोल असतात, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. यात बरोबर-चूक असे काही नाही, मनात येईल ते उत्तर द्या, अशी सूचना वर लिहिलेली असते. शंभर-सव्वाशे वाक्ये संपली की आभार मानले जातात. मग एक तर बोलावणे येते, नाही तर येत नाही.

मिरजेच्या एका वाचक भगिनीने याबद्दल आम्हाला पत्र लिहिले आहे. त्यांची मुलगी बी.कॉम. प्रथम श्रेणीत झाली आहे, तिला टॅली येते, जीएसटीची विवरणपत्रे भरता येतात आणि संध्याकाळी ती मोहल्ल्यातल्या अठरा मुलांची शिकवणी घेते. एका कंपनीच्या हिशेब विभागासाठी तिने अर्ज केला. हिशेबाच्या परीक्षेत पास झाली. व्यक्तिमत्त्व चाचणीनंतर मात्र ईमेल आला, की तिची ‘प्रोफाइल’ या पदाशी जुळत नाही. का जुळत नाही, याचे उत्तर नाही. “पेपर अवघड गेला असता तर आम्ही पुन्हा अभ्यास केला असता,” त्या लिहितात. “आता ती मला विचारते, अम्मी, मी माणूसघाणी आहे का? यावर मी काय सांगू?”

या पत्राला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. म्हणून या चाचण्या आल्या कुठून, त्या काय मोजतात आणि त्यांच्याबद्दल जाणकारांना कोणत्या शंका आहेत, हे जरा सविस्तर पाहू.

आधी एक फरक. दहावीच्या मुलांसाठी राज्य सरकारने २०१६ पासून काही वर्षे घेतलेली कल चाचणी आपल्या घरांत माहीत आहे. मुलाचा ओढा कशाकडे आहे, हे त्याला आणि आई-वडिलांना कळावे, एवढाच तिचा हेतू होता. टायपिंगची किंवा हिशेबाची परीक्षा हीही वेगळी गोष्ट. तिथे येते की येत नाही हे समोर दिसते. आपण बोलतो आहोत ते माणसाचा स्वभाव मोजून त्यावरून रोजी देणाऱ्या किंवा नाकारणाऱ्या चाचणीबद्दल.

सासू, जावई आणि सोळा प्रकार

स्वभावाची छापील प्रश्नावली पहिल्यांदा गाजली ती १९१७ मध्ये, अमेरिकेच्या सैन्यासाठी. तोफांच्या माऱ्यात मनाने कोसळतील असे सैनिक आधीच ओळखता यावेत म्हणून कोलंबिया विद्यापीठातले रॉबर्ट वुडवर्थ यांनी हो किंवा नाही एवढेच उत्तर मागणारे प्रश्न तयार केले. ते नीट वापरात येईपर्यंत महायुद्ध संपले. प्रश्नावलीची कल्पना मात्र टिकली, आणि पुढे कारखान्यांत व कचेऱ्यांत शिरली.

आज सर्वांत जास्त ऐकू येणारे नाव ‘मायर्स-ब्रिग्ज’ चाचणीचे. तिची कहाणी एका घरातली आहे. कॅथरीन ब्रिग्ज या अमेरिकन गृहिणी होत्या. त्यांची मुलगी इसाबेल हिचे १९१८ मध्ये लग्न झाले. जावई आपल्या घरच्या माणसांपेक्षा अगदी वेगळ्या वळणाचा आहे, हे पाहून कॅथरीनबाईंना नवल वाटले आणि माणसांचे मुळात प्रकार तरी किती, याचा त्या शोध घेऊ लागल्या. (जावई समजून घ्यायला एखाद्या सासूने एवढी मेहनत घेतल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.) १९२३ मध्ये स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांचे स्वभावप्रकारांवरचे पुस्तक इंग्रजीत आले, आणि आपण शोधत होतो ते हेच, असे त्यांना वाटले.

मुलगी इसाबेल मायर्स राज्यशास्त्राची पदवीधर. तिने एक रहस्यकादंबरीही लिहिली होती आणि तिला स्पर्धेत बक्षीस मिळाले होते. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, बायका कारखान्यांत आणि कचेऱ्यांत कामाला जाऊ लागल्या. कोणाला कोणते काम मानवेल हे सांगता यावे म्हणून तिने आईच्या आवडत्या विषयावरून प्रश्नावली बनवली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांचा हेतू मात्र चांगला होता, आणि ते मान्य करायलाच हवे. कोणाला नाकारण्यासाठी त्यांनी हे काढले नव्हते. प्रत्येकाला आपापली जागा मिळावी म्हणून काढले होते.

चाचणीत चार जोड्या असतात. माणूस बहिर्मुख की अंतर्मुख, विचाराने चालणारा की भावनेने, अशा. प्रत्येक जोडीतले एक अक्षर तुमच्या वाट्याला येते आणि चार अक्षरांचा एक शिक्का तयार होतो. असे सोळा शिक्के. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या परीक्षासंस्थेने ही चाचणी प्रसिद्ध केली, पण केवळ संशोधनाच्या कामासाठी, कारण त्या संस्थेतल्या तज्ज्ञांचीच तिच्याबद्दल खात्री पटलेली नव्हती. १९७५ मध्ये ती दुसऱ्या प्रकाशकाकडे गेली, आणि तिथून तिचा खरा प्रसार झाला.

खोट कुठे आहे ते आपल्याकडच्या पासाच्या रेषेवरून सहज समजेल. ३५ गुणांना पास. ३४ वाला आणि ३६ वाला यांच्या अभ्यासात फरक जवळजवळ नसतो, पण एक पास होतो आणि एक नापास. स्वभावाचे तसेच आहे. पक्के बहिर्मुख आणि पक्के अंतर्मुख लोक थोडे असतात. बहुतेक माणसे मधल्या पट्ट्यात असतात. लग्नघरात बडबड करणारा माणूस दुसऱ्या दिवशी दार लावून निवांत बसतो. नेमक्या याच पट्ट्याच्या मधून चाचणी रेघ ओढते. परिणाम असा, की आज एक शिक्का मिळालेल्या माणसाने काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर शिक्का बदलू शकतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड पिटेंजर यांनी १९९३ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. अवघ्या पाच आठवड्यांनी चाचणी पुन्हा घेतली तरी निम्म्यापर्यंत लोकांचा प्रकार बदलल्याचे त्यात दिसते. पाच आठवड्यांत माणसाचा रक्तगट बदलत नाही. स्वभाव तरी कसा बदलेल?

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ही चाचणी नोकरीसाठी उमेदवार गाळायला वापरू नये, असे ती चालवणाऱ्या लोकांनी स्वतःच सांगितलेले आहे. औषधाच्या बाटलीवरची सूचना न वाचता ते पाजावे, तसा प्रकार अनेक ठिकाणी चालतो.

‘डिस्क’ नावाची दुसरी एक चाचणी कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत लोकप्रिय आहे. तिच्यामागची कल्पना विल्यम मार्स्टन यांच्या १९२८ च्या पुस्तकातली. याच गृहस्थांनी पुढे ‘वंडर वूमन’ हे चित्रकथेतले पात्र जन्माला घातले. त्या चाचणीबद्दल इथे एवढेच पुरे.

मग ती इतकी खरी का वाटते?

चाचणी दिलेली मुले सांगतात, “पण निकालात लिहिलेले अगदी माझ्यासारखेच होते!” याचे उत्तर १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकांनी वर्गातच शोधले. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाला त्याचे स्वभाववर्णन दिले. हे वर्णन किती जुळते त्याला शून्य ते पाच गुण द्या, असे सांगितले. सरासरी आली ४.२६. मग फोरर यांनी उलगडा केला : सगळ्यांना दिलेला कागद शब्दन् शब्द एकच होता, आणि त्यातली वाक्ये त्यांनी पेपरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातून उचलली होती.

तुम्हाला लोकांनी चांगले म्हणावे असे वाटते, पण तुम्ही स्वतःवर फार टीका करता. तुमच्यात अजून न वापरलेली बरीच ताकद आहे... असे सांगितले तर कोण नाही म्हणेल? वर्तमानपत्रातले राशिभविष्य ज्या घरांत कोणी वाचत नाही, त्याच घरांतली मुले संगणकाने छापलेले असले वर्णन मात्र विश्वासाने फ्रेम करून ठेवतात.

सगळ्याच चाचण्या इतक्या कच्च्या आहेत असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. विद्यापीठांत अभ्यासक वापरतात ती पाच गुणांची पद्धत बरीच भक्कम आहे. ती शिक्के मारत नाही, कमी-जास्त प्रमाण सांगते. त्या पाचांतला एक गुण, नेटकेपणाने आणि जबाबदारीने काम पार पाडण्याचा, कामाशी खरोखर संबंधित असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण किती संबंधित? पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या आकड्यांची फेरतपासणी केली, तेव्हा हा संबंध ०.१९ निघाला. सोप्या भाषेत, माणसामाणसांच्या कामात जो फरक दिसतो त्याचे शंभर भाग केले तर त्यातल्या जेमतेम चार भागांचा खुलासा या गुणाने होतो. उरलेले शहाण्णव दुसरीकडे शोधायचे. हजारो अर्जदार असलेल्या कंपनीला चार भागही उपयोगी वाटतील. पण एका मुलीच्या बाबतीत ‘ही जमणार नाही’ असे म्हणण्याइतके बळ त्यांच्यात नाही. २००७ मध्ये या विषयातल्या संशोधनपत्रिकांचे पाच माजी संपादक एकत्र येऊन हेच बोलले होते. स्वतःबद्दल स्वतःच भरून दिलेल्या अशा प्रश्नावल्यांचा नोकरभरतीत फारसा उपयोग होत नाही आणि त्यांत होणारी बतावणी थांबवता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

बतावणीची गोष्ट नवी नाही. १९५६ मध्ये विल्यम व्हाइट यांनी अमेरिकन कंपन्यांतल्या नोकरदारांवर एक गाजलेले पुस्तक लिहिले. त्याच्या शेवटी या चाचण्यांत फसवाफसवी कशी करावी याचे एक परिशिष्टच जोडलेले आहे. सल्ल्याचा सारांश असा, की चारचौघांसारखे, गुळमुळीत उत्तर द्या आणि कंपनीला काय हवे ते ओळखा.

प्रामाणिकपणाचा तोटा कोणाला?

आमच्या मते खरी अडचण इथे आहे. कंपनीला काय हवे ते ओळखायचे, तर ते आधी कोणी तरी सांगितलेले असावे लागते. ज्या घरात चुलते मॅनेजर आहेत, थोरली बहीण मनुष्यबळ विभागात आहे, त्या घरातला मुलगा जाणतो, की ‘वरिष्ठांचे पटले नाही तर स्पष्ट सांगतो’ याला सहमत म्हणायचे असते. आपल्या मोहल्ल्यातून पदवीपर्यंत पोहोचलेली घरातली पहिली मुलगी हे वाक्य वाचून विचारात पडते. वरिष्ठ म्हणजे मोठे माणूस. मोठ्यांना उलटून बोलू नये, हे तिला अब्बूंनी शिकवले. ती खरे तेच लिहिते, असहमत. यंत्र नोंद करते : ठामपणा कमी.

‘अनोळखी लोकांत मिसळायला आवडते’ हेही तसेच. कोणते अनोळखी लोक? शिकवणीची फी थकली तर अनोळखी पालकांच्या घरी जाऊन ती मागणारी मुलगी बसस्टँडवर कोणाशी बोलत नाही. तिने कोणता गोल भरावा? त्यात हे सारे बहुधा इंग्रजीत असते आणि प्रत्येक वाक्याला काही सेकंद मिळतात. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेला मुलगा शब्दाचा अर्थ लावेपर्यंत पुढचे वाक्य येते.

काही चाचण्यांत खोटे पकडण्यासाठी खास वाक्ये पेरलेली असतात. मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेल्या, १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रसिद्ध चाचणीत अशी पंधरा वाक्ये होती. छोट्या-मोठ्या चुका सगळेच करतात, म्हणून ‘मी कधीच करत नाही’ म्हणणारा खोटे बोलतो आहे, असे त्यांमागचे गृहीतक. आता ज्याच्यावर लहानपणापासून कडक संस्कार झाले आहेत, जो खरोखर जपून वागतो, तोही याच जाळ्यात सापडतो. धार्मिक वळणाच्या माणसांचे गुण इथे जास्त येऊ शकतात, हे त्या चाचणीच्या अभ्यासकांनाही माहीत आहे. ते लक्षात घेऊन अर्थ लावायला जाणकार मानसशास्त्रज्ञ लागतो. मोबाईलवरच्या लिंकमागे तो असेलच असे नाही.

ही चाचणी मुळात मनोरुग्णांच्या निदानासाठी होती. तिच्यातली वाक्ये नोकरभरतीत आली तेव्हा काय झाले, त्याची कॅलिफोर्नियातली हकिकत सांगण्यासारखी आहे. ‘टार्गेट’ या दुकानसाखळीने सुरक्षारक्षकांच्या भरतीसाठी सातशेहून अधिक प्रश्नांची चाचणी लावली होती. तिच्यात अर्जदाराच्या धार्मिक श्रद्धेबद्दल आणि लैंगिक आयुष्याबद्दल प्रश्न होते. दुकानाच्या दारावर उभे राहणाऱ्या माणसाला त्याच्या श्रद्धेबद्दल का विचारायचे? १९८९ मध्ये अर्जदार न्यायालयात गेले. १९९१ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला : असे प्रश्न खासगी आयुष्यात ढवळाढवळ करतात आणि त्यांचा कामाशी संबंध कंपनीला दाखवता आलेला नाही. वाद पुढे चालू राहिला आणि १९९३ मध्ये कंपनीने तेरा लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन तो मिटवला. २००५ मध्ये शिकागोच्या संघीय अपील न्यायालयाने दुसऱ्या एका कंपनीच्या प्रकरणात म्हटले, की हीच मिनेसोटाची चाचणी बढतीसाठी लावणे म्हणजे कर्मचाऱ्यांची वैद्यकीय तपासणी करण्यासारखे आहे, आणि कायद्याने ती अशी घेता येत नाही.

“पण चाचणीला नाव दिसत नाही!”

आमच्या ओळखीचे एक तरुण मित्र या चाचण्यांच्या बाजूने बोलतात, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. ते म्हणतात, “मुलाखतीत साहेब आधी नाव वाचतात, मग दाढी किंवा दुपट्टा पाहतात. यंत्र निदान हे तरी पाहत नाही.”

नावाची अडचण काल्पनिक नाही. अमरावतीचे सुपुत्र, अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकन अभ्यासक पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना उत्तर म्हणून सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांकडे पाठवले. २००७ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश होती, आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश. पात्रता तीच, कागद तोच.

तेव्हा या मित्राची आशा आम्हाला समजते. पण चाचणी ज्या जागी बसवली आहे ती जागा पाहा. अनेक ठिकाणी निकालाचा कागद मुलाखत घेणाऱ्याच्याच हाती जातो. ज्याला आधीच घ्यायचे नाही, त्याच्यासाठी ‘प्रोफाइल जुळत नाही’ हे वाक्य म्हणजे आयती सोय. पूर्वी नकार देणाऱ्याला काही तरी कारण सांगावे लागत असे. आता कारण यंत्राचे असते, आणि यंत्राला कोणी जाब विचारत नाही. ज्याला घ्यायचेच आहे, त्याचा निकाल मात्र कोणी उघडूनही पाहत नाही.

नावाचा अडसर खरोखर कमी करायचा असेल तर त्याला दुसरी वाट आहे, आणि संशोधनात ती या चाचण्यांपेक्षा कितीतरी सरस ठरली आहे. सॅकेट यांच्या त्याच फेरतपासणीत सर्वांत वर आली ती आखीव मुलाखत. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, प्रश्न कामाशी निगडित, आणि प्रत्येक उत्तराला लगेच गुण. ‘गाव कोणते, वडील काय करतात’ या गप्पांना तिथे जागा नाही. तिचा संबंध ०.४२ निघाला, स्वभावाच्या त्या गुणाच्या दुपटीहून जास्त. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणेही पुष्कळ वर आहे. हिशेबनिसाला एक महिन्याच्या पावत्या द्याव्या आणि ताळा जुळवायला सांगावा. शिक्षिकेला सातवीच्या वर्गात अर्धा तास अपूर्णांक शिकवू द्यावे.

यात नवे काय आहे? मालेगाव-भिवंडीत नवा कारागीर आला की त्याला लूमवर उभे करतात. धागा तुटल्यावर त्याचे लक्ष किती लवकर जाते आणि गाठ कशी बसते ते पाहतात. गॅरेजमधला उस्ताद पोराच्या हाती पाना देतो. तिथे ओळखीपाळखीने काम मिळते, मजुरीवरून भांडणे होतात, त्या व्यवस्थेचे गोडवे गायची आमची इच्छा नाही. पण माणसाला काम येते का, हे काम देऊनच पाहावे, एवढे तिथे सर्वांना कळते.

सैन्यात अधिकारी निवडतानाही मानसशास्त्रीय चाचण्या होतात, असे कोणी म्हणेल. होतात. साठ शब्द एकामागून एक दाखवतात आणि प्रत्येकी पंधरा सेकंदांत वाक्य लिहायला लावतात, चित्रे दाखवून गोष्टी लिहून घेतात. पण त्या पाच दिवसांत मैदानावर गटाने दोरखंड आणि फळ्या घेऊन अडथळे पार करावे लागतात, मुलाखत होते, आणि वेगवेगळे परीक्षक आपले मत स्वतंत्रपणे बनवून शेवटी एकत्र बसतात. एका लिंकवर तिथे कोणाचा फैसला होत नाही.

आता घरातल्या गोष्टी. मुलाला किंवा मुलीला अशी लिंक आली तर चाचणी द्यावीच लागते, ती टाळून चालत नाही. आधी तिला सांगा, की इथे ‘मी’ म्हणजे घरातली मी नव्हे, कामावरची मी. शिकवणीत, कॉलेजच्या कार्यक्रमात, दुकानात अब्बूंच्या गल्ल्यावर बसताना आपण कसे वागतो ते डोळ्यांसमोर आणून उत्तर द्यावे. ते खोटे नाही. प्रश्न कामाबद्दलचा आहे, उत्तरही कामाचेच असावे. सरावासाठी एखादी नमुना प्रश्नावली घरी बसून सोडवली, अवघड इंग्रजी शब्द आधी समजून घेतले, तर घाई होत नाही. नकार आला तर नम्रपणे ईमेल लिहून विचारावे, की माझ्या कामाचा नमुना पाहाल का? बहुतेक ठिकाणी उत्तर येणार नाही. तरी विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि जे आपल्यातलेच मालक, शाळांचे विश्वस्त, दवाखान्यांचे चालक आहेत, त्यांच्याकडेही अशा चाचण्या विकणारे येऊ लागले आहेत. त्यांना एकच विचारावे : मागच्या वर्षी तुमच्या चाचणीत पहिले आलेले लोक प्रत्यक्ष कामातही पहिले आले का, आणि तुम्ही नापास केलेल्यांचे पुढे काय झाले? नापास केलेल्यांना कोणी कामावर घेतलेलेच नसते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याकडे सहसा सापडत नाही.

करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांत दहा बोटांचे ठसे घेऊन मुलाचा स्वभाव आणि भविष्यातला पेशा सांगणारेही हल्ली हजारो रुपये घेतात. वर सांगितलेल्या चाचण्यांना निदान थोडाफार अभ्यासाचा आधार आहे. ठशांच्या या प्रकाराला विज्ञानाचा कसलाही आधार नाही. तेवढ्या पैशांत टॅलीचा किंवा इंग्रजी संभाषणाचा तीन महिन्यांचा वर्ग होतो.